दूरचित्रवाणीवरील प्रहसन आणि नक्कल: सीमाभागातील होतकरू कलाकारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नकलाकार आणि स्किटमधला विनोदी कलाकार यांच्यात नेमका फरक काय?

नकलाकार दुसऱ्याचा आवाज, लकब आणि देहबोली स्वतःच्या अंगावर घेतो. प्रेक्षकाने मूळ माणूस ओळखला की त्याचे अर्धे काम झालेले असते. प्रहसनातल्या म्हणजे स्किटमधल्या कलाकाराला एक प्रसंग उभा करावा लागतो, समोरच्या पात्राचे ऐकावे लागते, हशाची जागा घ्यावी लागते आणि प्रसंगी ती जागा दुसऱ्याला सोडावीही लागते. दूरचित्रवाणीला ही दोन्ही कामे एकाच माणसाकडून हवी असतात, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. पंधरा नटांचे आवाज काढणारा मुलगा पहिल्या फेरीत टाळ्या घेतो. पण त्यांतल्याच एका नटाचे सोंग घेऊन दहा मिनिटांचा प्रसंग खेळायला सांगितले, की चौथ्या मिनिटाला त्याच्याजवळ काही उरत नाही. आवाजाने दार उघडते, आत टिकवते ते अभिनय आणि लेखन. या पानावरच्या बऱ्याच उत्तरांचा रोख त्यामुळेच तिकडे आहे.

मराठीत ही वाट कशी तयार झाली?

दारोदार फिरणारे बहुरूपी, सोंगी भजनातली सोंगे आणि तमाशातला सोंगाड्या हे या धंद्याचे खरे पूर्वज होत. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले आणि त्यातून प्रेरणा घेऊन विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभे केले, असे मराठी रंगभूमीचा इतिहास सांगतो. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्मही आजच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. तेव्हा या भागातल्या मुलांनी मराठी करमणुकीच्या दारात पाहुण्यासारखे उभे राहण्याचे काही कारण नाही.

दूरचित्रवाणीपुरते बोलायचे तर मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि ‘गजरा’सारख्या कार्यक्रमातून छोट्या प्रहसनांची सवय घरोघरी लागली. पुढे खासगी वाहिन्या आल्या. झी मराठीवर ‘फू बाई फू’ आणि 2014 पासून ‘चला हवा येऊ द्या’, तर सोनी मराठीवर 2018 पासून ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ असे कार्यक्रम आले आणि स्किट हा आठवड्याच्या आठवड्याला चालणारा व्यवसाय झाला. त्यापूर्वी विनोदी नटाला नाटकाच्या नाईटवर, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनावर, किंवा सिनेमातल्या दुय्यम भूमिकेवर अवलंबून राहावे लागत असे.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बोलीमुळे अडचण येते का?

येते, आणि तीच भांडवलही होते. “काय करूलालास?” (काय करतोयस?) असे सहज विचारणारा मुलगा मुंबईतल्या ऑडिशनला गेला की तो क्रियापद झाकायच्या धडपडीत संवाद विसरतो. “मी आलो” म्हणणाऱ्या इकडच्या मुलीला तर व्याकरणच ठाऊक नाही, असा शेरा मिळू शकतो. यावर उपाय दुहेरी आहे. प्रमाण मराठीत अडखळल्याशिवाय पाच मिनिटे बोलता आलेच पाहिजे, कारण वकील, वृत्तनिवेदक, डॉक्टर अशी पात्रे वाट्याला येणारच. मात्र आपली बोली विसरायची नाही. भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी आणि मकरंद अनासपुरे यांनी मराठवाड्याची बोली पडद्यावर कशी रुजवली, हे सर्वांनी पाहिले आहे. बेळगावच्या बोलीचे सामर्थ्य तर पु. ल. देशपांडे यांनी फार पूर्वीच दाखवून दिले. ते इथल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि त्यांच्या व्यक्तिचित्रातल्या ‘रावसाहेबां’नी कानडी वळणाचे मराठी महाराष्ट्रभर पोहोचवले.

इथे एक सावधगिरी हवी. रावसाहेबांची नक्कल करणारे आजही गल्लोगल्ली भेटतात आणि त्यातले बहुतेक जण रेकॉर्डवरच्या पुलंचीच नक्कल करत असतात. ती बेळगावच्या माणसाची नक्कल नव्हे. आजचा बेळगावकर वेगळा बोलतो: शहापूरचा विणकर, औद्योगिक वसाहतीतला फौंड्रीवाला, कॅम्पातला दुकानदार आणि इंजिनिअरिंग कॉलेजातला विद्यार्थी यांच्या मराठीत कानडी, हिंदी, कोंकणी आणि इंग्रजीचे प्रमाण निरनिराळे असते. निपाणीची भाषा कोल्हापूरला चिकटलेली, तर खानापूरच्या जंगलपट्ट्यातली गोव्याकडे झुकलेली. हा फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याच्याजवळ मुंबईतल्या कोणाकडेही नसलेला माल आहे.

नक्कल शिकता येते का, की ती उपजतच असावी लागते?

कान थोडा उपजत लागतो. बाकी सगळे मेहनतीचे आहे. नवशिके आवाजाच्या पट्टीपासून सुरुवात करतात, म्हणजे जाड की बारीक एवढेच पाहतात. वास्तविक माणूस ओळखू येतो तो त्याच्या लयीवरून: तो वाक्य कुठे तोडतो, श्वास कधी घेतो, कोणत्या अक्षरावर वजन देतो, उत्तर सुचत नसेल तेव्हा कोणता आवाज काढतो. पट्टी जमली नाही तरी लय जमली की प्रेक्षक ओळखतो. उलट पट्टी जमून लय चुकली, तर नुसता घसा दुखतो.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. बाजारात भाजी विकणारी एखादी मावशी डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाइकाला ती कानडीत “इप्पत्त” म्हणून भाव सांगते, शेजारणीशी मराठीत सुनेची तक्रार चालू ठेवते आणि कॅम्पातून आलेल्या बाईशी हिंदीत बोलते. भाषा बदलताना तिचा आवाज बदलतोच, पण हातही बदलतो: कानडीत भाव सांगताना तळवा खाली, मराठीत तक्रार करताना तळवा वर, आणि हिंदीत दोन्ही हात तागडीवर. मान मात्र तिन्ही वेळी भाजीकडेच. आता तिच्यासमोर असा गिऱ्हाईक उभा करा, ज्याला तिन्ही भाषा येतात आणि जो मुद्दाम चौथीत घासाघीस करतो. इथपर्यंत तुम्ही नक्कल करत होता. आता स्किट सुरू झाले. मावशीचा नुसता आवाज काढून दाखवला असता, तर अर्ध्या मिनिटात विषय संपला असता.

सरावासाठी फोनवर स्वतःचे रेकॉर्डिंग करून ते दुसऱ्या दिवशी ऐकावे. त्याच दिवशी ऐकले तर आपल्याला आपण करू पाहत होतो ते ऐकू येते, प्रत्यक्ष केलेले नाही. आरशासमोरचा सराव चेहऱ्यासाठी ठीक. मात्र आरशाची सवय लागलेला कलाकार सहकलाकाराकडे बघायचे विसरतो.

कॉलेजात असताना सुरुवात कुठून करावी?

विद्यापीठाच्या युवा महोत्सवातून. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या युवा महोत्सवात रंगमंचीय प्रकारांमध्ये एकांकिका, स्किट, मूकाभिनय आणि मिमिक्री हे स्वतंत्र प्रकार असतात. स्किटला दहा मिनिटे आणि सहापर्यंत कलाकार, तर मिमिक्रीला एकट्याने पाच मिनिटे, अशी साधारण चौकट आहे. नामवंतांच्या आवाजाबरोबर यंत्रांचे आणि इतर आवाजही चालतात. परीक्षक नकलेतले कौशल्य, आवाजांची विविधता आणि सादरीकरण पाहतात. बेळगावातील राणी चन्नम्मा विद्यापीठ आणि विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ यांच्या महाविद्यालयांतील मुलांनी आपापल्या विभागीय महोत्सवाची तारीख सांस्कृतिक विभागाकडून वेळेत विचारून ठेवावी. सूचना फलकावर लागेपर्यंत संघ ठरलेला असतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

पाच मिनिटांत वीस आवाज कोंबण्याचा मोह टाळावा. सहा-सात आवाज आणि त्यांना बांधणारा एक प्रसंग पुरे. उदाहरणार्थ, कर्नाटक परिवहनच्या शेवटच्या बसमध्ये जागेसाठी भांडणारे सगळे नट.

गावपातळीवर व्यासपीठ मिळते का?

मिळते, आणि शहरी कलाकारांना हेवा वाटावा इतके मिळते. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत यात्रेला गावकऱ्यांनीच बसवलेली मराठी नाटके होतात. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक प्रसिद्ध आहे. त्यातल्या सजीव देखाव्यांत संवाद म्हणणारी पोरे रस्त्यावरच्या गोंगाटात आवाज पोहोचवायला शिकतात. गणेशोत्सवात मंडळांचे कार्यक्रम असतात. शहरात लोकमान्य रंगमंदिर आणि वरेरकर नाट्य संघासारखी ठिकाणे आहेत. 2015 चे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन फैयाज यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावातच भरले होते.

आयोजकांशी बोलताना ध्वनिक्षेपकाचा विषय आधी काढावा. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालवण्यावर ध्वनिप्रदूषण नियमांचे बंधन आहे आणि भाषणे लांबली की कापला जातो तो विनोदी कार्यक्रमच. सत्काराच्या आधी की नंतर, हे लेखी ठरवून घेणे शहाणपणाचे.

औपचारिक प्रशिक्षण आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, उपयोगी नक्की आहे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी हे मराठीतले ओळखीचे मार्ग आहेत. कन्नड चांगली असलेल्यांनी हेग्गोडूच्या ‘नीनासम’चाही विचार करावा, के. व्ही. सुब्बण्णा यांच्या या संस्थेने उभ्या केलेल्या नटांची शिस्त वेगळीच असते. संस्थेत विनोद शिकवत नाहीत, अशी तक्रार ऐकू येते. ती खरी आहे, पण तिथे रंगमंचावर उभे राहायला, श्वास सांभाळायला आणि दुसऱ्याचे वाक्य ऐकायला शिकवतात. नकलाकार नेमके तिथेच कच्चे असतात.

ऑडिशनमध्ये काय पाहतात?

आता पहिली फेरी बहुधा फोनवर चित्रित केलेल्या व्हिडिओवर होते. फोन आडवा धरून, उजेड समोरून घेऊन, मागे साधी भिंत ठेवून नाव, वय, उंची, गाव आणि येणाऱ्या भाषा सांगाव्यात. भाषांच्या यादीत कन्नड आणि कोंकणी अवश्य सांगावी. त्यानंतर दोन-अडीच मिनिटांत एक नक्कल आणि स्वतः लिहिलेले एक पात्र दाखवावे. नटांचे तेच ते आवाज निवडणाऱ्यांनी शेकड्यांनी ऐकलेले असतात. तुमच्या गावच्या ग्रामपंचायत सदस्याने दिलेले श्रद्धांजलीचे भाषण त्यांनी ऐकलेले नसते.

प्रत्यक्ष बोलावणे आले की बहुतेक वेळा जागेवर एखादा प्रसंग देतात आणि अनोळखी कलाकारासोबत खेळायला लावतात. तिथे आपल्या आवाजांची पोतडी उघडणारा बाद होतो. समोरच्याच्या वाक्यावर खरा प्रतिसाद देणारा लक्षात राहतो. ऑडिशनसाठी किंवा ‘नाव नोंदणी’साठी कोणी पैसे मागितले तर सरळ परत फिरावे.

कार्यक्रमात निवड झाल्यावर आठवड्याचे काम कसे चालते?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की हे लोक मजा करतात. लेखक विषय सुचवतो, संहितेचे वाचन होते, कलाकार आपापल्या जागा सुचवतात, तालमी होतात आणि सलग दिवसांत अनेक भागांचे चित्रीकरण उरकले जाते. पाठांतराला वेळ फार थोडा मिळतो. संहिता चित्रीकरणाच्या आदल्या रात्री बदलणे नेहमीचेच. म्हणून शब्दाला चिकटणाऱ्यापेक्षा प्रसंगाचा क्रम पाठ करणारा कलाकार सुखी असतो. कॅमेरे अनेक असतात. प्रेक्षकांकडे बघून बोलावे की सहकलाकाराकडे, आपल्या हशाच्या वेळी कॅमेरा कुणावर असेल, हशा चालू असताना पुढचे वाक्य किती अडवून धरावे, हे सगळे सेटवरच शिकावे लागते.

सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे बेअरिंग सांभाळणे, म्हणजे काही झाले तरी पात्रातून बाहेर न येणे. सहकलाकाराने अचानक नवे वाक्य टाकले आणि तुम्ही हसलात, तर तेवढा भाग प्रेक्षकांना आवडतोही. मात्र दर आठवड्याला हसणाऱ्याला लेखक मोठे पात्र देईनासा होतो. दुसरे म्हणजे, ज्या स्किटमध्ये तुम्हाला एकही हशा नाही आणि फक्त समोरच्याला वाक्य पुरवायचे आहे, ते काम कुरकुर न करता चोख करणारा कलाकार वर्षानुवर्षे टिकतो. आमच्या मते या व्यवसायातली खरी गुणवत्ता तीच आहे आणि तिला बक्षीस नसते.

कन्नड वाहिन्यांवर काम करता येईल का?

भाषा स्वच्छ असेल तर अवश्य. झी कन्नडवरील ‘कॉमेडी किलाडिगळु’ आणि कलर्स कन्नडवरील ‘मजा टॉकीज’ यांनी तिकडे हाच व्यवसाय उभा केला. मिमिक्री दयानंद यांच्यासारखे नकलाकार आणि गंगावतीचे प्राणेश यांच्यासारखे हास्यवक्ते उत्तर कर्नाटकात चांगलेच ओळखीचे आहेत. उत्तर कर्नाटकाच्या कन्नडला बेंगळुरूच्या स्टुडिओत जे भोगावे लागते, ते बेळगावी मराठीला मुंबईत भोगावे लागते त्याच जातीचे आहे.

सीमाप्रश्नावर विनोद करावा का?

1956 च्या राज्यपुनर्रचनेपासूनचा हा वाद आहे आणि त्यासंबंधीचा महाराष्ट्राचा 2004 चा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. लोकांनी त्यासाठी जीव गमावले आहेत. त्या दुःखावर विनोद करण्याचे धाडस आम्ही कोणाला सुचवणार नाही. मात्र सीमाभागातला रोजचा संसार विनोदाला मोकळा आहे: एका घरात तीन माध्यमांत शिकणारी तीन मुले, कानडी कागद मराठीत समजावून देण्यासाठी धरून आणलेला शेजारी, लग्नातल्या जेवणात दोन्हीकडच्या व्याह्यांचा चाललेला आग्रह. यात कोणी खलनायक नाही. कार्यक्रम कोणत्या गावात, कोणत्या तारखेला आहे, हेही पाहावे. 1 नोव्हेंबर हा कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी भाषकांचा काळा दिवस; त्याच्या आसपास सुज्ञ कलाकार दुसरे विषय घेतो.

नामांकित व्यक्तीची नक्कल केल्यास कायद्याची अडचण येते का?

रंगमंचावरच्या किंवा स्किटमधल्या थट्टेला बराच वाव आहे. दलेर मेहंदी यांच्या संदर्भातील 2010 च्या निकालात दिल्ली उच्च न्यायालयाने व्यंगचित्र, विडंबन आणि टवाळी यांना व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा भंग मानू नये अशा आशयाची भूमिका घेतली. अडचण येते ती व्यापारी वापरात. अमिताभ बच्चन यांच्या बाजूने 2022 मध्ये आणि अनिल कपूर यांच्या बाजूने 2023 मध्ये त्याच न्यायालयाने आदेश दिले. दुसऱ्या आदेशात ‘झकास’ या उद्गाराचाही विचार झाला. अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली प्रतिकृती मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये रोखली.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, यात्रेत नटाची नक्कल करणे वेगळे आणि त्याच आवाजात एखाद्या सराफाच्या दुकानाची रेडिओ जाहिरात करणे वेगळे. दुसऱ्या कामाला, स्थानिक असले तरी, नाही म्हणावे. कोणाच्या तोंडी खोटे विधान घालून ते खरे असल्याचा आभास निर्माण केला, तर बदनामीचा प्रश्नही उभा राहतो.

मानधन आणि करार याबाबत काय लक्षात ठेवावे?

मानधन भागावर किंवा दिवसावर ठरते आणि ते सहसा काम झाल्यावर तीन महिन्यांनी हातात येते. तेव्हा पहिले तीन-चार महिने मुंबईत स्वतःच्या पैशावर काढायची तयारी हवी. बेळगावहून मुंबई जवळपास पाचशे किलोमीटर आहे, रोज ये-जा शक्य नाही. व्यावसायिक मानधनातून दहा टक्के कर आधीच कापला जातो; विवरणपत्र भरले तर देय करापेक्षा जास्त कापलेली रक्कम परत मिळते. करारात इतर वाहिन्यांवर काम करण्याची बंदी किती काळ आहे आणि गावाकडचे कार्यक्रम त्यात येतात का, हे वाचल्याशिवाय सही करू नये. स्वतः लिहिलेल्या स्किटचे हक्क देताना मुदत लिहून घ्यावी. मुदत लिहिली नसेल तर 1957 च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याप्रमाणे ती पाच वर्षे धरली जाते.

मुलींना यात किती संधी आहे?

विशाखा सुभेदार, श्रेया बुगडे, नम्रता संभेराव आणि वनिता खरात यांची कामे पाहिली तर हा प्रश्न उरत नाही. साडी नेसलेला पुरुष हा मराठी स्किटचा सोपा हशा आहे, आणि तो लेखकाच्या आळसाचा पुरावाही. मुलींनी केवळ नायिकांच्या आवाजावर थांबू नये. बसवाहक, सरकारी कारकून, मंडळाचा अध्यक्ष अशा पुरुषी पात्रांची नक्कल मुलीने केली की ती अधिक बोचते.

आवाज कसा सांभाळावा?

घसा खरवडून काढलेला आवाज रोज करू नये, पाणी पीत राहावे आणि कार्यक्रमाआधी गुणगुणून आवाज तापवावा. बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुधारला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. स्वरतंतूंवर गाठी येणे हा या व्यवसायातला ठाऊक असलेला धोका आहे.

कार्यक्रम बंद पडला तर पुढे काय?

प्रत्येक कार्यक्रम कधी ना कधी बंद पडतो. ‘चला हवा येऊ द्या’ही सुमारे दहा वर्षांनी 2024 मध्ये थांबला होता. तोपर्यंत ज्यांनी नाटक, लेखन, डबिंग, सूत्रसंचालन यांपैकी एखादी दुसरी बाजू धरलेली असते, त्यांचे काम चालू राहते. एकट्याच्या बळावर अनेक पात्रे उभी करण्याची वाटही मराठीत मळलेली आहे, प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये पन्नासहून अधिक पात्रे एकट्याने साकारली. बेळगावच्या कलाकाराला आणखी एक सोय आहे. कोल्हापूर, गोवा आणि धारवाड ही तिन्ही ठिकाणे काही तासांच्या अंतरावर आहेत आणि तिन्हीकडचा प्रेक्षक त्याला थोड्याफार फरकाने कळतो. एकपात्री दीड तासाचा असा कार्यक्रम आधीच बसवून ठेवावा, की मराठी भाग, कन्नड भाग आणि मिश्र भाग गावाप्रमाणे पुढेमागे करता येतील.

वाहिनीवरची पात्रे या कार्यक्रमात वापरण्यापूर्वी करार पुन्हा एकदा पाहावा, कारण पात्राचे नाव आणि वेशभूषा बहुधा निर्मात्याच्या मालकीची असते.